विष की ‘वषि’?

चिंचोळी एमआयडीसीतल्या एका रासायनिक कारखान्यासाठी आम्ही सुरक्षा प्रशिक्षणाचा गेम बनवत होतो. टॅबवर चालणारा, मराठीतला. पहिल्या चाचणीत पिंपावरच्या सूचनेच्या जागी नुसते चौकोन उमटले. इंजिनाच्या मूळ फॉन्टमध्ये देवनागरी नव्हतीच. मी फॉलबॅकच्या यादीत एक देवनागरी फॉन्ट जोडला, चौकोन गेले, मी खूश. मग तिथल्या एका ऑपरेटर मामांनी टॅब हातात घेतला आणि विचारलं, “साहेब, ‘वषि’ म्हणजे काय ओ?”

पिंपावर मी ‘विष’ लिहिलं होतं.

फॉलबॅकचं काम साधं आहे. पहिल्या फॉन्टमध्ये अक्षर नसेल तर दुसऱ्यात शोधायचं, तिथेही नसेल तर तिसऱ्यात. कुठेच नसेल तर चौकोन. इंग्रजीचं एवढ्यावर भागतं. देवनागरीत मात्र अक्षर सापडलं की अर्धंच काम होतं. युनिकोडमध्ये ‘विष’ हा शब्द उच्चाराच्या क्रमाने साठवलेला असतो: आधी व, मग वेलांटी, मग ष. ती वेलांटी उचलून ‘व’च्या आधी नेणं, ‘स्पर्श’मधला रफार ‘श’च्या डोक्यावर चढवणं, याला शेपिंग म्हणतात. आमच्या इंजिनात शेपिंग नव्हतं.

एकेकाळी हे काम माणसं करायची. गणपत कृष्णाजींनी 1831 साली मुंबईत मराठी पंचांग छापलं ते शिळाप्रेसवर. तिथे हाताने लिहिलेलं जसंच्या तसं उमटायचं, त्यामुळे प्रश्नच नव्हता. प्रश्न आला धातूच्या खिळ्यांबरोबर. इंग्रजीची लहान-मोठी मिळून अक्षरं 52. मराठी जुळाऱ्यापुढे अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, मात्रा, रफार धरून शेकडो खिळे. लहानपणी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासणाऱ्या जावजी दादाजींनी 1869 मध्ये निर्णयसागर छापखाना काढला आणि तिथल्या सुबक खिळ्यांनी देवनागरीला वळण लावलं. पण खिळा कितीही सुबक असला, तरी वेलांटी आधी लावायची हे शहाणपण जुळाऱ्याच्या बोटांत होतं.

पुढे यंत्रांना हा पसारा झेपेना, तेव्हा लिपीनेच वाकावं असं ठरू लागलं. टंकलेखन यंत्राच्या मोजक्या कळांसाठी जोडाक्षरं मोडली गेली. छपाई सोपी व्हावी म्हणून सावरकरांनी ‘अ’ची बाराखडी पुरस्कारली: अि, अी, अु, अू.

मग संगणक आला. 1988 मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं, 1991 मध्ये भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानक आलं आणि अक्षरं उच्चाराच्या क्रमाने साठवली जाऊ लागली. डीटीपीच्या दुकानांत मात्र वेगळेच फॉन्ट चालले. त्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले, वेलांटी टाइप करायची ती आधी. खिळे गेले, जुळारी राहिला. जुळाऱ्याचं शहाणपण घरोघरच्या संगणकात उतरलं ते विंडोज 2000 च्या सुमारास. त्यातला ‘मंगल’ फॉन्ट कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशींनी घडवलेला.

गेम इंजिनांत ते उतरायला आणखी वीसेक वर्षं गेली. 2023 मध्ये आलेल्या गोडो 4 मध्ये शेपिंग आहे. पण आमचं काम आठवड्यात द्यायचं होतं, इंजिन बदलायला वेळ नव्हता. मी नव्या पेठेतल्या एका डीटीपीवाल्या काकांना ‘वषि’ दाखवलं. ते हसले. “वेलांटी आधी मार की!”

तेच केलं. सगळा मजकूर डीटीपीच्या जुन्या फॉन्टमध्ये बदलणारी स्क्रिप्ट लिहिली. आता त्या मजकुरात काही शोधता येत नाही, आणि स्क्रीन रीडरला तो नुसता इंग्रजी अक्षरांचा काला वाटतो. पण मामांनी पिंपावर बोट ठेवून वाचलं, “विष. स्पर्श करू नका.”

तेव्हापासून प्रत्येक नव्या बिल्डमध्ये मी आधी चार शब्द तपासतो: विष, स्पर्श, दर्या, दऱ्या. मग टॅब मामांच्या हातात देतो.