ख्रिस्ती भजन, मराठी

ख्रिस्ती भजन, मराठी : येशू ख्रिस्ताची स्तुती, विनवणी आणि बायबलातील कथा ओवी, अभंग, पद, आरती या देशी रचनांत बांधून पेटी, तबला, टाळ यांच्या साथीने गाण्याची परंपरा. ख्रिस्ती कीर्तन हे तिचे जोडभावंड. सतराव्या शतकाच्या आरंभी गोव्यात तिचे पहिले मोठे काम झाले, एकोणिसाव्या शतकात अहमदनगर भागात तिला आजचे रूप आले आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या हाती ती कळसाला पोचली. या परंपरेतली माणसे मराठी साहित्यात मानाने बसली, पण ज्या गाण्यांवर त्यांचा सगळा जीव होता ती गाणी बहुतांशी चर्चच्या आवारातच राहिली. नोंदीचा भर या तिढ्यावर आहे.

पहिला टप्पा इंग्रज जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्स यांचा. १५७९ मध्ये ते गोव्यात उतरले आणि साष्टीतल्या लोकांची बोली व पोथ्यांची मराठी अशा दोन्ही भाषा शिकले. त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. जवळपास अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ ‘पैले पुराण’ आणि ‘दुसरे पुराण’ अशा दोन भागांत आहे. पहिल्यात जगाच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याच्या प्रतीक्षेपर्यंतची कथा येते, दुसऱ्यात येशूचे चरित्र. गावोगाव पुराण ऐकण्याची सवय असलेल्या नवख्रिस्ती मंडळींच्या हातून जुन्या पोथ्या गेल्या होत्या. त्या जागी काहीतरी हवे होते आणि ते ऐकण्याजोगे, गाण्याजोगे हवे होते. स्टीफन्स यांनी ही गरज ओळखली, आणि ओवी अशी पेलली की रचना परक्याची वाटत नाही. ग्रंथाच्या आणखी दोन आवृत्त्या त्याच शतकात निघाल्या, १६४९ आणि १६५४ मध्ये. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढले आणि या वाटेवरची वर्दळ थांबली. ग्रंथ मात्र हस्तलिखितांतून टिकला. १९०७ मध्ये मंगळूरला जोसेफ साल्ढाणा यांनी तो संपादून पुन्हा छापला आणि १९५६ मध्ये पुण्याहून शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती आली.

आज सर्वसाधारण मराठी वाचकाला स्टीफन्स आठवतात ते मराठी भाषेच्या स्तुतीच्या चार ओव्यांमुळे. पाठ्यपुस्तके, भाषणे, भाषादिनाचे फलक, सगळीकडे त्याच. जे सांगण्यासाठी एवढा खटाटोप केला ती येशूकथा अभ्यासकांपुरती उरली. पुढच्या तीन शतकांत जे घडत गेले त्याचा हा पहिला नमुना म्हणता येईल.

ब्रिटिश अमदानीत अमेरिकन मराठी मिशनचे पाद्री १८१३ मध्ये मुंबईत आले आणि १८३१ पासून अहमदनगरला त्यांचे ठाणे झाले. त्यांनी आपली इंग्रजी स्तोत्रे बरोबर आणली, मराठी भाषांतरे केली आणि मंडळीला मूळ चालींवर गायला लावले. अडचण सुरांची नव्हती, छंदाची होती. इंग्रजी स्तोत्राचा नेहमीचा साचा आठ-सहा-आठ-सहा शब्दावयवांचा आणि आघातावर चालणारा. मराठीत शब्दावर तसा ठाशीव आघात नाही. भाषांतर त्या चालीत बसवले की सुराचा जोर नेमका विभक्तीच्या प्रत्ययावर पडे आणि ‘येशूने’मधला ‘ने’ ताणत बसावे लागे. थोरल्या अभंगाची बांधणी याच्या अगदी उलट आहे. सहा-सहा-सहा अक्षरांचे तीन चरण, चौथा चार अक्षरांचा, दुसऱ्या-तिसऱ्याला यमक. आखूड चौथ्या चरणापाशी गाणाऱ्याला श्वास घ्यायला उसंत मिळते आणि टाळकऱ्यांना ओळ उचलायला जागा. निरक्षर माणूसही दुसऱ्या फेरीला साथ धरू शकतो. नगर भागातले बहुसंख्य नवख्रिस्ती महार-मांग समाजातले होते. गाण्या-वाजवण्याचे अंग त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांचे होते आणि पुस्तक वाचता येणारे मोजके. तेव्हा पाद्र्यांनी आणलेली स्तोत्रे मागे पडून पदे पुढे आली, यात नवल नाही.

कृष्णराव सांगळे यांच्यासारख्या नगरच्या पदकर्त्यांनी १८६०च्या दशकात कीर्तनाचा साचाच उचलला. पूर्वरंगात सिद्धांताचे निरूपण, उत्तररंगात आख्यान, मध्ये पदे, साकी, दिंडी. आख्यानाला हरिश्चंद्राऐवजी उधळ्या पुत्र. बाप वाट बघत उभा आहे, मुलगा डुकरांच्या टरफलांनाही मोताद होऊन परत येतो, ही गोष्ट कीर्तनकाराच्या हाती पडली की काय होत असेल हे वेगळे सांगायला नको. दोन्हीकडून नाके मुरडली गेली. काही पाद्र्यांना या चालींना देवळाचा आणि तमाशाचा वास येई. हिंदू श्रोत्यांतल्या काहींना हे आपल्याच दागिन्यांची चोरी वाटे. कीर्तन ऐकायला गर्दी मात्र होई.

नारायण वामन टिळक या परंपरेत बाहेरून आले. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे चित्पावन ब्राह्मण, संस्कृतात मुरलेले, पोटासाठी गावोगाव फिरलेले. नागपुरात आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने ते ‘ऋषी’ हे मासिक चालवीत. १८९३ मध्ये राजनांदगावच्या रेल्वेप्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना ‘नवा करार’ दिला आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई पाच वर्षांनी, १९०० मध्ये ख्रिस्ती झाल्या. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, अशा अर्थाचे त्यांचे उद्गार प्रसिद्ध आहेत, आणि त्यांची भजने वाचताना ते शब्दशः पटतात. ‘अभंगांजली’तली भाषा वारकऱ्यांची आहे. तोच जिव्हाळ्याचा एकेरी, तेच रुसणे, तीच माउली, फक्त विटेवरचा देव बदलला आहे. टिळकांनी ही उसनवारी कधी लपवली नाही. परदेशी कपड्यातला ख्रिस्त इथल्या माणसाला पाहुणाच वाटणार, ही त्यांची ठाम समजूत होती. ‘उपासना संगीत’ या प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या गायनपुस्तकात आजही त्यांची पदे मोठ्या संख्येने आहेत आणि रविवारी ती म्हटली जातात.

ते स्वतः कीर्तने करीत. १९१२ पासून ‘ज्ञानोदय’ या ख्रिस्ती नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादक होते. रामायणाच्या धर्तीवर ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांनी १९०९ मध्ये हाती घेतले, ते अपुरे राहिले. लक्ष्मीबाईंनी ते नेटाने पुढे नेले आणि त्यांच्या निधनानंतर, १९३८ मध्ये, ते प्रसिद्ध झाले. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची पगारी चाकरी सोडून साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही तिथे मुभा होती. संस्थेच्या चौकटीत आपले गाणे कोंडते, ही खंत त्यामागे होती असे मानायला जागा आहे. दोन वर्षांतच, ९ मे १९१९ रोजी, मुंबईत त्यांचे निधन झाले आणि दरबार त्यांच्यामागे टिकला नाही.

मराठी जनांनी टिळकांना डोक्यावर घेतले, पण ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून. ‘केवढे हे क्रौर्य!’ ही पारध्याच्या बाणाने घायाळ झालेल्या पक्षिणीची कविता पिढ्यान्‌पिढ्यांनी शाळेत पाठ केली. तिचा कवी धर्मांतरित पाद्री आहे हे कित्येकांना मोठेपणीही ठाऊक नसते. ‘वनवासी फूल’ अभ्यासकांच्या यादीत गेले. बालकवींना घरात ठेवून घेणारे टिळक साहित्याच्या इतिहासात आले. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात भागाभागाने निघाली आणि मराठी गद्याचा मानदंड ठरली. विजया मेहता यांनी त्यावर केलेला चित्रपट १९८३ चा. या सगळ्या यशात अभंगांजलीचा वाटा जवळपास नाही. कारण कवित्वात उणेपणा आहे असे नव्हे. पन्नास-साठ पदे तरी अशी आहेत की नाव झाकून वाचली तर कुणीही संतसाहित्यात घालील, आणि नाव उघडताच तो हात थांबतो. गंमत अशी की ख्रिस्ताचे नाव सर्वसामान्य मराठी माणसाच्या तोंडी सर्वांत जास्त रुळले ते एका हिंदू संन्यस्त वृत्तीच्या माणसामुळे. पवनारच्या विनोबा भाव्यांच्या सर्वधर्म नाममालेत येशू आहे आणि ती शाळाशाळांतून, आश्रमांतून म्हटली जाते. विनोबांनी ‘ख्रिस्तधर्म-सार’ही लिहिले. बाहेरच्याने नाव घेतले तर ते समभाव ठरते, आतल्याने घेतले तर प्रचार.

हा पेच मराठीपुरता नाही. अमेरिकेत लॅरी नॉर्मन यांचा ‘अपॉन धिस रॉक’ हा १९६९ चा अल्बम ख्रिस्ती रॉकचा आरंभ मानला जातो. सैतानाचे वाद्य देवासाठी कसे, हा तिथला आक्षेप नगरच्या पाद्र्यांच्या आक्षेपाचाच चुलतभाऊ. पंक रॉक तर त्याहून अवघड. तीन-चार स्वरमेळ, धावता ढोल, मुद्दाम ओबडधोबड ठेवलेला आवाज आणि कुणालाच न मानण्याची वृत्ती. तरीही वॉशिंग्टन राज्यातल्या ब्रेमर्टन गावच्या शाळकरी पोरांनी १९९२ मध्ये काढलेली ‘एमएक्सपीएक्स’ ही तिघांची मंडळी ‘टूथ अँड नेल’ या छोट्या कंपनीतून वर आली. जून १९९८ मध्ये ‘ए अँड एम’ या बड्या कंपनीच्या साथीने त्यांचा ‘स्लोली गोइंग द वे ऑफ द बफेलो’ हा अल्बम निघाला. बिलबोर्डच्या दोनशेच्या यादीत तो ९९व्या जागेपर्यंतच गेला, पण खपत राहिला आणि पाच लाख प्रतींचा ‘गोल्ड’ शिक्का त्याला मिळाला. गाणी वयात येण्याच्या घालमेलीची, मैत्रीची, एकटेपणाची आहेत. येशू त्यांत क्वचित थेट येतो. आम्ही ख्रिस्ती आहोत, पण आमचे गाणे चर्चपुरते नाही, हा मंडळींचा पवित्रा होता. चर्चमधल्या चाहत्यांना तो पळपुटेपणा वाटला आणि पंकवाल्यांना यांचे चर्चच खुपले. टिळकांची पक्षीण आणि या पोरांची घालमेल एकाच फाटकातून बाहेर गेली. ‘पी.ओ.डी.’ या रॅप-मेटल मंडळीचा ‘सॅटेलाइट’ (२००१) त्याहून कितीतरी पुढे, तिप्पट प्लॅटिनमपर्यंत गेला. श्रद्धा झाकली नाही तरी प्रवाहात शिरता येते याचे ते उदाहरण. तिथे बहुसंख्य श्रोते जन्माने ख्रिस्तीच, हा फरक ध्यानात ठेवावा लागतो.

इकडे विदर्भात, विशेषतः यवतमाळ जिल्ह्यात, मराठी ख्रिस्ती भजनाचा रंग निराळा. इथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलेल्या फ्री मेथडिस्ट मिशनच्या मातृसंस्थेत उपासनेच्या वेळी वाद्यांना मज्जाव होता. पियानो किंवा ऑर्गन ठेवण्याची सवलत अमेरिकेतच १९४३ मध्ये मिळाली. म्हणजे वाद्याविना गाण्याचा हट्ट धरणारा पंथ आला तो भजनाच्या मुलखात, जिथे पेटी-टाळाशिवाय सप्ताह बसत नाही. यवतमाळला १९५३ पासून युनियन बिब्लिकल सेमिनरी होती. १९८३ मध्ये ती पुण्याला गेली आणि जिल्ह्याचे एक विद्याकेंद्र हलले. पैनगंगेकाठच्या उमरखेडपासून वर्धेपर्यंतच्या या पट्ट्यात भजन म्हटले की आधी आठवतात ते राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (१९०९–१९६८) आणि त्यांची खंजिरी. पलीकडे आंबेडकरी जलशांनी गण-गवळणीचा सांगाडा ठेवून आशय बदलला आणि त्या गाण्यांनी वामनदादा कर्डकांच्या शब्दांवर स्वार होऊन गावेच्या गावे जिंकली. साचा जुना, देव किंवा नेता नवा, ही युक्ती ख्रिस्ती पदकर्त्यांचीच होती. फरक पाठीशी उभ्या असलेल्या समाजाच्या संख्येचा आणि चळवळीच्या धगीचा.

वसईतल्या कॅथलिकांची कथा उशिरा सुरू होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत (१९६२–६५) मिस्सा लॅटिनमध्ये चाले. त्यानंतर मराठीला वेदीपर्यंत वाट मिळाली आणि मराठी गीते उपासनेत आली. १९५५ पासूनच्या ‘सुवार्ता’ मासिकाने जमीन आधीच तयार केली होती. त्याच वातावरणातून पुढे आलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांना ‘सुबोध बायबल’साठी साहित्य अकादमीचा २०१३ चा अनुवाद पुरस्कार मिळाला आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. निवड जाहीर होताच काहींनी विरोधाचा सूर लावला. दिब्रिटो पाठदुखीने बेजार असतानाही उस्मानाबादला गेले आणि अध्यक्षपदावरून त्यांनी देशातल्या वाढत्या असहिष्णुतेवर स्पष्ट शब्दांत बोट ठेवले. २०२४ च्या जुलैमध्ये त्यांचे निधन झाले.