फ्रँक कॉस्टेलो

* फ्रँक कॉस्टेलो (१८९१–१९७३) : न्यूयॉर्कच्या माफियाचा म्होरक्या. इटलीतल्या कालाब्रियात जन्म, बालपण न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेममध्ये. दारूबंदीच्या काळात चोरट्या दारूवर गबर झाला, पुढे जुगाराच्या यंत्रांवर. १९३६मध्ये टोळीचा म्होरक्या लुचियानो तुरुंगात गेला, पाठोपाठ त्याचा उजवा हात जेनोवीझ इटलीला पळाला आणि टोळीची सूत्रे आपसूक याच्या हाती आली. पिस्तुलापेक्षा पुढारी नि न्यायाधीश खिशात ठेवण्यावर याची भिस्त. १९५१मध्ये संघटित गुन्हेगारीची चौकशी करणाऱ्या अमेरिकी सिनेटच्या किफॉव्हर समितीपुढे चेहरा दाखवायला त्याने नकार दिला. मग टीव्हीवर दिसले ते रुमाल चुरगाळणारे त्याचे हात. चुगली त्यांनीच जास्त केली! १९५७मध्ये राहत्या इमारतीत गोळी डोक्याला चाटून गेली. कोर्टात मात्र त्याने हल्लेखोराला ओळखलेच नाही, आणि आरोपी निर्दोष सुटला. — संपा.