खरजेचा किडा आणि मधुमेह

खरूज म्हणजे बिघडलेल्या रक्ताचा विकार, अशी वैद्यांची समजूत शतकानुशतके होती. तरी १२व्या शतकात सेव्हिलच्या इब्न जुहर यांनी कातडीतून निघणाऱ्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या जिवाची नोंद केली होती. १६८७ मध्ये इटलीतील बोनोमो व चेस्तोनी यांनी तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्याचे चित्रच काढले. पॅरिसच्या पंडितांना पटायला मात्र १८३४ उजाडावे लागले. रेनुची या विद्यार्थ्याने सुईच्या टोकावर किडा काढून दाखविला. ही युक्ती त्याने कॉर्सिकातील खेडवळ बायकांकडून पाहिली होती!

मधुमेहाचा संबंध समजण्याची वाट नॉर्वेतून जाते. १८४८ मध्ये डॅनिएल्सन व बोएक यांनी कुष्ठरोग्यांच्या अंगावरील जाड खपल्यांच्या खरजेचे वर्णन केले. साध्या खरजेत अंगावर १०-१५ किडे असतात, या प्रकारात हजारो, कधी लाखो. बधिर कातडीला खाज कळत नाही, खाजवले जात नाही, किडे मोकाट वाढतात. पुढे असे रुग्ण मधुमेहींतही आढळले. साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की नसा बधिर होतात, शिवाय प्रतिकारशक्ती मंदावते.

म्हणून पालकांनी मधुमेही आजोबांच्या तळहातांवरील खपल्या ‘वयाची कोरडी कातडी’ म्हणून सोडून देऊ नयेत. नातवंडांची खरूज औषध लावूनही पुन्हापुन्हा उलटत असेल, तर तिचा उगम तेथेही असू शकतो. डॉक्टर कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. बोनोमोची परंपराच म्हणा ना! औषधोपचार घरातील सर्वांनी एकाच वेळी करावयाचा असतो, कपडे-अंथरुणे गरम पाण्यात धुवावयाची असतात, आणि आजोबांची साखरही तपासून घ्यावयाची असते.