घरमालकाचा दाखला

बिऱ्हाड बदलण्याचा प्रसंग ज्याच्यावर आला आहे, त्याला एक प्रश्न चांगला ठाऊक असेल. नवा घरमालक विचारतो, "यापूर्वीं कोठें राहात होतां? तेथील मालक तुमच्याविषयीं काय सांगतील?" या प्रश्नाच्या उत्तरासाठीं जुन्या मालकाच्या दारीं पुन्हां जावें लागतें. ज्याच्याशीं गळक्या छपरावरून वाद झाला, नळाच्या पाण्यावरून बोलाचाली झाली, त्याच्याकडूनच आपल्या सचोटीचा दाखला मागावयाचा, ही स्थिति चमत्कारिक खरी. पण या दाखल्याला मोठा इतिहास आहे, आणि मुंबई शहराच्या चरित्रांत तो विशेष स्पष्ट दिसतो. आज तोच थोडक्यांत सांगावयाचा आहे.

खेड्यांत हा प्रश्न सहसा उद्भवत नाहीं. तेथें माणसाचा बाप, त्याचें घर, त्याचें शेत सर्वांना माहीत असतें. शहर मात्र अनोळखी माणसांचें. 1854 सालीं मुंबईंत पहिल्या कापडगिरणीची कंपनी स्थापन झाली, आणि पुढें रत्नागिरी, सातारा अशा जिल्ह्यांतून माणसांचा ओघ शहराकडे लागला. चाळीच्या मालकाला किंवा भाडें वसूल करणाऱ्या त्याच्या मेहत्याला या माणसांपैकीं एकहि परिचित नसे. मग जामीन कोण राहणार? त्या काळीं दाखला तोंडीच असे. गिरणींतील मुकादम कामावर लावी, अडचणींत कर्ज देई, आणि पुष्कळदां डोकें टेकण्यास जागाहि तोच पाहून देई. कोंकणांतील एका गांवचे गडी मिळून एक खोली घेत. खोली एकाच्या नांवाची, पण वस्ती अनेकांची. गोव्याच्या ख्रिस्ती लोकांनीं याच गरजेपोटीं धोबीतलावासारख्या भागांत आपापल्या गांवचे 'कूड' चालविले. गांवचा माणूस म्हटला कीं त्याला कूडाचें दार उघडें. म्हणजे गांव हेंच येथें प्रमाणपत्र होतें.

या व्यवस्थेंत आपलेपणा होता, हें नाकारतां येणार नाहीं. परंतु जेथें ओळख म्हणजे गांव आणि जात, तेथें कांहीं माणसांना आपली ओळख सांगणें हेंच संकट होतें. 1917 सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशांतील उच्च शिक्षण घेऊन बडोदें संस्थानच्या नोकरीवर रुजू होण्यास गेले. त्यांना शहरांत बिऱ्हाड मिळेना. अखेर एका पारशी उतारशाळेंत ते पारशी नांवानें राहिले. थोड्याच दिवसांत हें उघडकीस आलें. हातांत काठ्या घेतलेले लोक दारांत येऊन उभे राहिले, आणि संध्याकाळच्या आंत जागा सोडण्याचें फर्मान त्यांनीं सुनावलें. दोन मित्रांकडे आसरा विचारला. तोहि मिळाला नाहीं. मग मुंबईची गाडी सुटेपर्यंत बाबासाहेब कमाठी बागेंत बसून राहिले. ही हकीकत त्यांनीं स्वतःच पुढें लिहून ठेवली आहे. भाडें थकलें नव्हतें, वागणुकीविषयीं तक्रार नव्हती. विद्येचे दाखले तर उत्तमोत्तम होते. पण राहण्यास जागा देणारा दाखला निराळाच होता, आणि तो त्यांना कोणीहि देऊं शकत नव्हतें.

तोंडी ओळखीची जागा लेखी कागद कसा घेऊं लागला, हें आतां पाहूं. 1896 सालीं मुंबईंत प्लेगची सांथ आली. दाट वस्तीच्या अंधाऱ्या चाळींकडे सरकारचें लक्ष गेलें, आणि 1898 सालीं शहर सुधारण्यासाठीं इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टनें जुन्या वस्त्या पाडल्या, नवे रस्ते काढले, स्वतःच्या चाळीहि बांधल्या. 1920 नंतर सरकारच्या विकास खात्यानें वरळी, नायगांव, शिवडी व डिलाईल रोड येथें दोनशेंहून अधिक इमारती उभारल्या. त्याच आजच्या बी. डी. डी. चाळी. अशा रीतीनें ट्रस्ट आणि सरकार हे स्वतःच हजारों खोल्यांचे मालक झाले. एवढा मोठा मालक भाडेकरूला तोंडावरून ओळखणार कसा? तो ओळखतो खोलीच्या क्रमांकावरून आणि वहींतील नोंदीवरून.

दुसरें कारण कायद्याचें. पहिल्या महायुद्धाच्या काळांत मुंबईंत घरभाडीं भडकलीं. 1918 सालीं त्यांना आळा घालणारा कायदा झाला. 1 जानेवारी 1916 रोजीं जें भाडें होतें तें प्रमाण धरावें, असें त्याचें तत्त्व होतें. पण त्या दिवशीं भाडें किती होतें, हें सिद्ध कशानें करावयाचें? पावतीनें! ट्रंकेच्या तळाशीं पडलेल्या त्या कागदाच्या कपट्याला एकाएकीं मोल आलें.

स्वातंत्र्याच्या वर्षीं, म्हणजे 1947 सालीं, मुंबईचा भाडेनियंत्रण कायदा झाला, आणि फेब्रुवारी 1948 पासून तो अमलांत आला. भाड्याची लेखी पावती देणें हें मालकाचें कर्तव्य ठरलें. न देणें हा गुन्हा ठरला. ही तरतूद दिसावयास लहान, पण तिचा अर्थ मोठा आहे. तोंपर्यंत दाखला ही मालकाची मेहेरबानी होती. आतां तो भाडेकरूचा हक्क झाला. मालक रागावलेला असो वा प्रसन्न असो, अमुक मनुष्य अमुक खोलींत राहिला व त्यानें भाडें भरलें, एवढें सत्य त्याला लिहून देणें भाग पडलें.

अर्थात् कायदा आला कीं पळवाटहि येते. भाडें गोठल्यामुळें मालकाला पावती देणें म्हणजे खोलीवर पाणी सोडणेंच वाटूं लागलें. पागडी बेकायदा होती, तरी ती चालूच राहिली. पुष्कळांनीं भाडेकरू हा शब्दच टाळला आणि राहणाऱ्याला 'परवानगीनें राहणारा' म्हणून कागदावर लिहिलें. शेवटीं 1973 सालीं कायद्यांत दुरुस्ती होऊन, त्या वर्षाच्या 1 फेब्रुवारीस जे अशा चालू करारानें राहात होते, त्यांनाहि भाडेकरूचें संरक्षण मिळालें. येथेंहि ज्याच्याजवळ कागद होता त्याची बाजू बळकट. ज्यानें विश्वासावर दिवस काढले त्याची कसोटी.

महाराष्ट्राचा सध्यांचा भाडेनियंत्रण कायदा 1999 सालचा असून तो 31 मार्च 2000 पासून लागू आहे. पावतीचें बंधन त्यानें कायम ठेवलें, आणि करार लेखी व नोंदलेला असावा असें सांगितलें. आतां अकरा महिन्यांचे करार सर्रास होतात. त्यामुळें बिऱ्हाडें वारंवार बदलतात, आणि जुन्या मालकाला विचारण्याचा प्रसंगहि वारंवार येतो. म्हणून जागा सोडतांनाच, संबंध गोड आहेत तोंवर, चार ओळी मागून घ्याव्या: केव्हांपासून केव्हांपर्यंत राहिलों, भाडें वेळेवर दिलें कीं नाहीं, कांहीं येणें बाकी आहे काय. यापेक्षां अधिक स्तुतीची गरज नाहीं.

आणि मालकांनाहि एक विनंति. दाखला लिहितांना, किंवा मागतांना, एवढेंच विचारावें. भाडें भरलें का, जागा नीट राखली का, हे प्रश्न रास्त आहेत. पण माणसाची जात कोणती, धर्म कोणता, हें आजहि हळूच विचारलें जातें. तसा प्रश्न ओठांवर येईल तेव्हां कमाठी बागेंत गाडीची वाट पाहात बसलेला तो विद्वान् तरुण डोळ्यांपुढें आणावा, आणि तो प्रश्न ओठांतच ठेवावा.