मोनेचं चित्र मनगटावर: टेम्पररी टॅटू सावळ्या त्वचेवर फिके का पडतात?

पाकिटावर क्लोद मोनेच्या ‘वॉटर लिलीज’चा टॅटू निळा-जांभळा, टवटवीत दिसतो. मनगटावर लावला की गुलाबी फुलं गायब होतात आणि हिरवट डाग तेवढा उरतो. माल नकली आहे असं वाटतं, पण बहुतेक वेळा कमी पडलेली असते ती पांढरी शाई.

हे टॅटू कागदावर उलटे छापतात आणि वर गोंदाचा थर देतात. गोंदाची बाजू त्वचेवर ठेवून ओल्या कापडाने दाबलं की पाण्याने कागद सुटतो आणि चित्र अंगावर राहतं. शाई आत शिरत नाही, ती वरच्या मृत पेशींवर बसते. या पेशी झडत असल्यामुळे टॅटू काही दिवसांत जातो.

छपाईच्या रंगीत शाया बऱ्याच अंशी पारदर्शक असतात. कागदावर त्या उजळ दिसतात, कारण खालचा पांढरा कागद प्रकाश परत पाठवतो. सावळ्या त्वचेवर हा आधार मिळत नाही. म्हणून चांगल्या टॅटूत रंगांवर पांढऱ्या शाईचा थर छापलेला असतो. टॅटू उलटून चिकटला की तो रंगांच्या खाली येतो. घरच्या प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसते, त्यामुळे घरी छापलेला मोने हमखास फसतो. गंमत म्हणजे इम्प्रेशनिस्ट चित्रकारांनाही हेच हवं होतं. जुन्या गडद अस्तराऐवजी ते बऱ्याचदा पांढऱ्या किंवा फिकट अस्तरावर रंगवत.

आकाराचाही प्रश्न आहेच. पॅरिसच्या ऑरांजरी संग्रहालयातल्या ‘वॉटर लिलीज’ सुमारे 2 मीटर उंच आहेत. त्या 5 सेंटीमीटरमध्ये बसवल्या की ब्रशचे फटकारे एकमेकांत मिसळतात. पूर्ण चित्रापेक्षा एकच फूल किंवा देगाची एकच नर्तिका घ्यावी. व्हॅन गॉगची ‘स्टारी नाइट’ (1889) गडद निळ्यामुळे बरी उठते. दुकानदार तिलाही इम्प्रेशनिस्ट म्हणतात, पण ती त्यानंतरच्या, पोस्ट-इम्प्रेशनिस्ट प्रवाहातली.

‘टेम्पररी टॅटू’ म्हणून काढून देतात ती काळी मेंदी मात्र टाळाच. तिच्यात अनेकदा पीपीडी हे केसांच्या डायमधलं रसायन असतं. त्याने फोड येतात, व्रण राहू शकतात आणि पुढे हेअर डायचीही अ‍ॅलर्जी होऊ शकते. अमेरिकेच्या एफडीएने ते थेट त्वचेवर लावायला परवानगी दिलेली नाही. स्टिकर टॅटूही आधी कोपराच्या आतल्या बाजूला छोटा तुकडा लावून पाहा. खाज आली तर लगेच काढा: खोबरेल तेल लावून दोन मिनिटं थांबा आणि कापसाने हलकेच पुसा.