१९२ मतं : गणपतराव देशमुखांचे अकरा विजय आणि दोन पराभव

सांगोला हे नाव तुमच्यापैकी बहुतेकांनी पहिल्यांदा २०२२ च्या जूनमध्ये ऐकलं असेल. शिवसेनेतले बंडखोर आमदार गुवाहाटीच्या हॉटेलात मुक्कामाला होते. त्यातल्या एकानं कार्यकर्त्याला फोनवर सांगितलं, ‘काय झाडी, काय डोंगार, काय हाटील...’ दोन दिवसांत त्याचे रील्स, रिंगटोन, टी-शर्ट सगळं आलं. ते आमदार म्हणजे सांगोल्याचे शहाजीबापू पाटील.

याच शहाजीबापूंच्या नावावर आणखी एक गोष्ट आहे, पण तिचं मीम झालं नाही. १९९५ च्या विधानसभा निवडणुकीत त्यांनी काँग्रेसच्या तिकिटावर गणपतराव देशमुखांना हरवलं होतं. फरक होता १९२ मतांचा. तोवर गणपतराव सांगोल्यातून सात वेळा निवडून आले होते. वय सत्तरीकडे झुकलेलं, पक्षाला उतरती कळा लागलेली. इथं कुणाचंही राजकारण संपलं असतं. गणपतराव त्यानंतर आणखी चार वेळा जिंकले.

आधी हिशेब बघू. १९६२ आणि १९६७ ला विजय. १९७२ ला पराभव. १९७४ मध्ये पोटनिवडणूक लागली, तीत विजय. मग १९७८, १९८०, १९८५, १९९० असे सलग विजय. १९९५ ला १९२ मतांनी पराभव. आणि १९९९, २००४, २००९, २०१४ असे पुन्हा चार विजय. तेरा लढती, अकरा विजय. मतदारसंघ एकच, सांगोला. पक्षही एकच, शेतकरी कामगार पक्ष, म्हणजे शेकाप. विधानसभेत त्यांनी एकूण पन्नासहून जास्त वर्षं काढली.

शेवटचा विजय मिळाला तेव्हा त्यांनी ऐंशी कधीच ओलांडली होती. फरक होता सुमारे २५ हजार मतांचा आणि समोर होते तेच शहाजीबापू. ती निवडणूक देशभर मोदींच्या लाटेची म्हणून ओळखली जाते, हे लक्षात घ्या.

आता ‘विक्रमा’बद्दल. २०१४ नंतर बातम्यांमध्ये सर्रास यायचं की, गणपतराव हे देशात सर्वाधिक वेळा निवडून आलेले आमदार. हे खरं नाही. तमिळनाडूचे करुणानिधी तेरा वेळा निवडून आले, एकदाही हरले नाहीत. मात्र त्यांनी मतदारसंघ अनेकदा बदलले. केरळचे के. एम. मणी तर एकट्या पाला मतदारसंघातून तेरा निवडणुका जिंकले. त्यातली १९६५ ची विधानसभा कधी भरलीच नाही, ती वगळली तरी बारा उरतात. म्हणजे आकड्यांच्या शर्यतीत गणपतराव पहिले नाहीत. महाराष्ट्रापुरता मात्र हा विक्रम निर्विवाद आहे.

पण मला या आकड्यापेक्षा दुसरी गोष्ट मोठी वाटते. करुणानिधी आपल्या पक्षाचे सर्वेसर्वा होते आणि पाच वेळा मुख्यमंत्री झाले. मणींनी वर्षानुवर्षं केरळचं अर्थखातं सांभाळलं. गणपतरावांची बहुतेक कारकीर्द विरोधी बाकांवर गेली. १९७८ च्या पुलोद सरकारात ते मंत्री होते; ते सरकार १९८० च्या फेब्रुवारीत बरखास्त झालं. १९९९ मध्ये विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात पुन्हा मंत्री झाले. २००२ मध्ये शेकापनं सरकारचा पाठिंबा काढला आणि तेही पद गेलं. पन्नास वर्षांतली सत्ता पाच वर्षांच्या आतबाहेर. शिवाय शेकाप हा पक्ष एकेकाळी महाराष्ट्रात काँग्रेसचा प्रमुख विरोधक होता, तो हळूहळू रायगड, सांगोला आणि मराठवाड्यातले काही खिसे एवढ्यावर आला. आजूबाजूचे नेते एकेक करून काँग्रेसमध्ये, नंतर राष्ट्रवादीत, नंतर आणखी कुठे गेले. गणपतराव होते तिथंच राहिले.

मग लोक मतं का देत होते? एसटीनं फिरणारा साधा आमदार, हे उत्तर तुम्ही ऐकलं असेल. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. साधेपणावर एखादी निवडणूक जिंकता येते, अकरा नाही.

खरं उत्तर पाण्यात आहे. सांगोला हा सोलापूर जिल्ह्यातला पर्जन्यछायेतला तालुका. पाऊस कमी, आणि पडेल तेवढा भरवशाचा नाही. माण नदी वर्षातला बराच काळ कोरडी. शेतात बाजरी-ज्वारी, सोबत मेंढरं. १९७२ च्या दुष्काळात अशाच गावांतली माणसं खडी फोडायला गेली आणि त्यातूनच पुढं रोजगार हमीचा कायदा आला. अशा तालुक्यात आमदाराकडून अपेक्षा दोनच असतात. हाताला काम आणि शेताला पाणी.

हाताला काम मिळावं म्हणून गणपतरावांनी सहकारी सूतगिरणी उभी केली, तीही कापसाचा पट्टा नसलेल्या तालुक्यात. राज्यातल्या अनेक सूतगिरण्या बुडाल्या असताना ती नीट चालवून दाखवली. पाण्यासाठी क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडींच्या बरोबरीनं ते दुष्काळी तालुक्यांच्या पाणी चळवळीत उतरले. आटपाडीला वर्षानुवर्षं भरणाऱ्या पाणी परिषदांत मागणी एकच असायची, कृष्णेचं पाणी फक्त नदीकाठच्या उसाला नको, ते माणदेशालाही हक्कानं मिळालं पाहिजे. टेंभू, म्हैसाळसारख्या उपसा योजनांमागं सरकारी इंजिनिअर होते, तसा हा रेटाही होता.

इथं एक अवघड प्रश्न विचारायलाच हवा. पहिल्यांदा आमदार झाले १९६२ मध्ये. टेंभू योजनेला मंजुरी मिळाली १९९० च्या दशकात आणि पाणी प्रत्यक्ष सांगोल्याकडं वळायला त्यानंतरही बरीच वर्षं लागली. एखादा माणूस इतकी वर्षं आमदार असताना पाणी इतक्या उशिरा येत असेल, तर ते यश म्हणायचं की अपयश? त्यांचे विरोधक हेच विचारायचे आणि तो प्रश्न चुकीचा नव्हता. सत्तेतला आमदार असता तर पाणी लवकर आलं असतं, हा त्यामागचा तर्क.

पण तो तर्क ताणून बघा. माणदेशात सत्ताधारी पक्षाचे आमदार असलेले तालुकेही होतेच. त्यांनाही पाण्यासाठी तितकंच थांबावं लागलं. पाणी वरच्या भागात अडवलं गेलं, ते तिथल्या साखर कारखान्यांच्या राजकारणामुळं. एकटा आमदार ते फोडू शकत नव्हता. तेरा दुष्काळी तालुके एकत्र आले, तेव्हा कुठं ते हललं. सांगोल्याच्या मतदारानं हे ओळखलं असावं, असं मला वाटतं. आंधळ्या भक्तीनं मत देणाऱ्या तालुक्यानं १९७२ आणि १९९५ ला त्यांना घरी बसवलं नसतं.

२०१९ मध्ये गणपतराव उभे राहिले नाहीत. त्यांचे नातू अनिकेत देशमुख लढले आणि हरले, शहाजीबापूंकडूनच, ७६८ मतांनी. ३० जुलै २०२१ रोजी गणपतराव गेले. २०२४ मध्ये दुसरे नातू, बाबासाहेब देशमुख, शेकापतर्फेच उभे राहिले आणि त्यांनी शहाजीबापूंना सुमारे २५ हजार मतांनी हरवलं. आज विधानसभेत शेकापचा तो एकमेव आमदार आहे. घराणेशाहीवर आयुष्यभर टीका करणाऱ्या पक्षाची शेवटची जागा आजोबांच्या नावावर टिकावी, हेही या कहाणीत धरायला हवं. आजोबांना हे आवडलं असतं का, माहीत नाही.

निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर प्रत्येक मतदारसंघाचे जुने निकाल आहेत. फोन हातात आहेच, तर आपला मतदारसंघ उघडून बघा. कोण किती वेळा जिंकलं हे सगळे बघतात. तुम्ही हरलेल्या वर्षांपाशी थांबा. तो माणूस पुढची पाच वर्षं कुठं होता, हे घरातल्या मोठ्यांना विचारा. १९९५ ते १९९९ गणपतराव आमदार नव्हते. त्या काळातही पाणी परिषदा भरतच होत्या.