उपग्रह बँकेत पोहोचला तेव्हा

ब्राझीलच्या ॲमेझॉन पट्ट्यात शेतीसाठी किंवा गुरांसाठी कर्ज हवं असेल, तर जुलै २००८ पासून जमिनीची कागदपत्रं आणि पर्यावरणाचे नियम पाळल्याचा पुरावा बँकेला द्यावा लागतो. ठराव क्रमांक ३५४५. जंगल वाचवणाऱ्या घोषणा पुष्कळ झाल्या. मला या रूक्ष कागदाचं मोल त्यांच्याहून मोठं वाटतं.

त्याची मुळं शोधत गेलं की आपण १९७३ सालच्या कुयाबात पोहोचतो. अमेरिकेच्या पहिल्या लँडसॅट उपग्रहाची चित्रं उतरवून घेणारं केंद्र ब्राझीलने तिथे उभारलं. १९८८ पासून ‘इन्पे’ ही अंतराळ संशोधन संस्था तुटलेल्या जंगलाचा वार्षिक हिशेब मांडू लागली. हिशेब चोख होता, पण आकडा येईपर्यंत झाडं पडून गेलेली असायची. २००४ च्या हिशेबात २७,७७२ चौरस किलोमीटर जंगल गेलं. त्याच वर्षी, मरीना सिल्वा पर्यावरणमंत्री असताना, ‘देतेर’ ही तातडीचे इशारे देणारी यंत्रणा सुरू झाली आणि तोड चालू असतानाच पथकं जागेवर जाऊ लागली.

तोड घटली. पण सोयाबीन आणि गोमांसाचे भावही त्याच सुमारास उतरले होते. मग श्रेय कुणाचं? रिओच्या जुलियानो असुन्साओ आणि सहकारी अर्थतज्ज्ञांनी उत्तर शोधलं ते ढगांमध्ये. ‘देतेर’ला ढगांआडचं दिसत नाही. ज्या तालुक्यांवर ढग जास्त, तिथे इशारे कमी, दंडही कमी, आणि पुढच्या वर्षी तोड जास्त! इतका स्वच्छ पुरावा अर्थशास्त्रात क्वचितच हाती लागतो. याच मंडळींनी कर्जाची अटही तपासली. जिथे गुरंपालन हाच मुख्य धंदा, तिथे कर्ज आटलं आणि कुऱ्हाडही थंडावली.

२०१२ मध्ये आकडा ४,५७१ पर्यंत खाली आला. मात्र २५ हेक्टरांहून लहान तोड जुन्या ‘देतेर’च्या नजरेतून सुटायची, आणि लहान तुकड्यांचं प्रमाण वाढत गेलं. म्हणून २०१५ पासून अधिक बारकाईची चित्रं वापरात आली. त्यांत आपल्या ‘इस्रो’च्या रिसोर्ससॅटचीही आहेत.

२०१९ मध्ये राष्ट्राध्यक्ष बोल्सोनारोंनी ‘इन्पे’चे आकडे खोटे ठरवले आणि संचालक रिकार्दो गाल्वाओंना पद गमवावं लागलं. उपग्रह फिरतच होते, इशारे येतच होते. कारवाई मात्र ढिली पडली. २०२१ चा आकडा १३,०३८ वर गेला. सिल्वा २०२३ मध्ये पुन्हा मंत्री झाल्या, आणि २०२४ मध्ये तो सुमारे ६,३०० वर आला.